गोळ्यांना न जुमानणारी फिट: ऑपरेशनचे पर्याय कोणते, तपासण्या कोणत्या? (नागपूर)

वर्धारोड

लहान भावासाठी विचारते आहे. वय २४, उजव्या हाताने लिहितो. अकराव्या महिन्यात तापात फिट आली होती, अर्ध्या तासाच्या वर चालली. नंतर काही नाही, आणि चौदाव्या वर्षी पुन्हा सुरू.

आत्ताचं चित्र: पोटातून काहीतरी वर चढतंय असं तो सांगतो, मग नजर एका जागी थांबते, ओठ चाटतो, उजव्या हाताने शर्टाची बटणं चाळवत राहतो आणि त्याच वेळी डावा हात वाकडा होऊन ताठ होतो. साधारण दीड मिनिट. नंतर पाच-दहा मिनिटं भान नीट नसतं. असे महिन्याला ४-५. शिवाय दोन-तीन महिन्यांतून एकदा झोपेत सगळ्या अंगाचा मोठा झटका.

औषधं: कार्बामॅझेपिन सीआर ६०० सकाळी, ६०० रात्री. लेव्हेटिरासिटॅम १५०० दोन वेळा. क्लोबॅझॅम १० रात्री. आधी व्हॅल्प्रोएट दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत देऊन झालं, फरक पडला नाही, वजन मात्र वाढलं. गोळ्या चुकत नाहीत, डबा मीच भरते.

जुना एमआरआय 'नॉर्मल' होता. आता थ्री टेस्लावर (जास्त ताकदीच्या मशीनवर) केला, त्यात 'उजवा हिप्पोकॅम्पस आकसलेला, फ्लेअरवर उजळ, आतली रचना पुसट' असं लिहिलंय (हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणीचा भाग, फ्लेअर हा एमआरआयचा एक प्रकार). धंतोलीतले न्यूरोलॉजिस्ट म्हणतात ऑपरेशनच्या दृष्टीने तपासणी करून घ्या. घरचे म्हणतात डोकं उघडायचं नाही, त्यापेक्षा छातीत मशीन बसवतात ते करू. नक्की पर्याय कोणते, कशात काय बिघडू शकतं आणि नागपुरातून कसं जायचं, सविस्तर सांगाल का?

टेम्पोरल

ताई, तुम्ही फिटचं जे वर्णन केलंय ते फार कामाचं आहे. पोटातून चढणारी लाट, ओठ चाटणं, उजव्या हाताची चाळवाचाळव आणि डावा हात ताठ हे सगळं उजव्या टेम्पोरल लोबकडे (मेंदूचा कानशिलाजवळचा भाग) बोट दाखवतं. ताठ होणारा हात बहुतेक वेळा सुरुवातीच्या जागेच्या उलट बाजूचा असतो. एमआरआयमधल्या तिन्ही खुणा मिळून मिझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस (हिप्पोकॅम्पस आकसून वणासारखा होणं) होतं आणि लहानपणी तापात लांबलेली फिट हा त्याचा ठरलेला पूर्वेतिहास. औषधांना दाद न देणाऱ्या मिरगीत ऑपरेशनने सगळ्यात चांगला गुण येणाऱ्या आजारांपैकी हा एक आहे.

नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली, सहन झालेली दोन औषधं देऊनही फिट थांबल्या नाहीत तर ती औषधरोधक मिरगी, अशी आंतरराष्ट्रीय मिरगी संघटनेची २०१० पासूनची व्याख्या आहे. सुमारे एक तृतीयांश रुग्ण यात येतात. ग्लासगोमध्ये २००० साली झालेल्या अभ्यासात नव्या रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधावर फिटमुक्त झाले, दुसऱ्या-तिसऱ्या औषधावर आणखी १४ टक्के, दोन औषधं एकत्र देऊन आणखी ३ टक्के. त्यामुळे चौथी-पाचवी गोळी बदलत वर्षं घालवण्याला अर्थ नाही. आपल्याकडे लोक ऑपरेशनपर्यंत पोचतात तेव्हा आजार दहा-पंधरा वर्षांचा झालेला असतो, शिक्षण सुटलेलं असतं, नोकरी गेलेली असते. मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण तपासणी आधी करायला कोणी अडवलेलं नसतं.

खरं औषधरोधक आहे ना, हे मात्र आधी पाहतात. जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीला (किशोरवयात सुरू होणारी, हातांना दचके बसणारी मिरगी) कार्बामॅझेपिन दिलं तर झटके वाढतात, तिथे औषधच चुकलेलं असतं. मात्रा अपुरी, रात्रीचं जागरण, दारू, हीही कारणं असतात. काही झटके मिरगीचे नसतातच, मानसिक ताणातून येतात आणि व्हिडिओ ईईजीवरच (मेंदूतल्या विजेची नोंद आणि कॅमेरा एकत्र) उघड होतात. तुमच्या भावाचं चित्र यात बसत नाही.

आता पर्याय. फिट कुठून निघते आणि ती जागा काढता येण्याजोगी आहे का, यावर ऑपरेशन ठरतं.

टेम्पोरल लोबेक्टॉमी: टेम्पोरल लोबचा पुढचा भाग, त्याच्या आतले अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस काढतात. टोकापासून मागे साधारण साडेतीन ते पाच सेंटिमीटर. भाषा सांभाळणाऱ्या बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला थोडं जास्त. फक्त अमिग्डाला-हिप्पोकॅम्पस काढण्याचीही पद्धत आहे. कॅनडात २००१ साली ८० रुग्णांची चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले होते. वर्षअखेर भान हरपणाऱ्या फिटमधून ऑपरेशनवाल्या गटातले ५८ टक्के मुक्त, औषधवाल्या गटातले ८ टक्के. दिल्लीच्या एम्सने १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर अशीच चाचणी करून २०१७ साली निष्कर्ष दिले: ७७ विरुद्ध ७ टक्के. त्यात टेम्पोरलखेरीज इतर ऑपरेशनंही होती.

लिजनेक्टॉमी: गाठ, कॅव्हर्नोमा (रक्तवाहिन्यांचा गुच्छ) किंवा कॉर्टिकल डिस्प्लेजिया (मेंदूच्या वरच्या थराची जन्मतः चुकलेली घडण) असेल तर तेवढाच भाग काढतात. कॅव्हर्नोमाभोवती जुन्या रक्ताच्या लोहाचं कडं असतं, शक्य असेल तर तेही काढावं लागतं, कारण फिट तिथूनच निघते. डिस्प्लेजियाची कड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तुकडा मागे राहतो आणि फिट परत येतात. आपल्या भागात न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा (मेंदूत शिरलेली फीतकृमीची अळी) जुना कॅल्शियमचा ठिपकाही बरेचदा दिसतो. ठिपका एका बाजूला आणि आकसलेला हिप्पोकॅम्पस दुसऱ्या बाजूला असेल तर नुसत्या फोटोवरून ऑपरेशन ठरवणं धोक्याचं.

हेमिस्फेरोटॉमी: अर्धा मेंदू आधीच निकामी आहे आणि सगळ्या फिट तिथूनच, अशा मुलांसाठी. रासमुसेन (मेंदूच्या एका अर्ध्याला सूज येणारा आजार), जन्माच्या वेळचा मोठा स्ट्रोक वगैरे. त्या बाजूचा अर्धा मेंदू उरलेल्यापासून तोडतात. उलट हाताच्या बोटांची बारीक हालचाल जाते, अर्धी नजर जाते, चालणं बहुतेकांचं परत येतं.

कॉर्पस कॅलोसोटॉमी: मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा कापतात. धाडकन पडण्याच्या फिटसाठी, लेनॉक्स-गॅस्टॉमध्ये (लहानपणी सुरू होणारी अवघड मिरगी). पडणं कमी होतं, आजार तसाच राहतो.

तुमच्या भावाला शेवटच्या दोन्ही लागू नाहीत, यादी पुरी व्हावी म्हणून लिहिल्या.

वर्धारोड

धन्यवाद डॉक्टर. मशीनचं काय? आणि लेझर, गॅमा नाइफ यांनी न कापता होतं म्हणतात.

टेम्पोरल

ते छातीतलं मशीन म्हणजे व्हीएनएस: डाव्या कॉलरबोनखाली त्वचेत बसवलेलं बॅटरीचं उपकरण आणि मानेतल्या डाव्या व्हेगस नसेला गुंडाळलेली तार. अमेरिकेत १९९७ पासून मान्य. प्रवाह ०.२५ मिलिअँपिअरवरून सुरू करून काही आठवड्यांत दीड ते सव्वादोनपर्यंत नेतात, बहुधा ३० सेकंद चालू आणि ५ मिनिटं बंद. फिटची चाहूल लागली की चुंबक उपकरणावरून फिरवला की जादा प्रवाह मिळतो. प्रवाह चालू असताना आवाज घोगरा होतो, खोकला येतो. एक-दोन वर्षांनी साधारण निम्म्या लोकांच्या फिट निम्म्यावर येतात. फिट पूर्ण बंद झालेला दहांत एकही नसतो. काही वर्षांनी बॅटरीसाठी पुन्हा ऑपरेशन, आणि पुढे कधी एमआरआय लागला तर उपकरणाच्या अटी पाळाव्या लागतात.

म्हणजे काढता येणारी एकच जागा समोर असताना आधी व्हीएनएस बसवणं हा उलटा क्रम आहे. जागा सापडत नाही, अनेक आहेत, किंवा बोलण्या-चालण्याच्या भागात आहे, त्यांच्यासाठी ते आहे. डीबीएसचंही (मेंदूच्या आत तार घालून प्रवाह देणं) तेच: मेंदूत खोलवर असलेल्या थॅलेमसच्या पुढच्या भागात दोन तारा. ११० रुग्णांच्या चाचणीत फिट कमी होण्याचं मध्यक प्रमाण (निम्मे रुग्ण त्याच्या वर, निम्मे खाली) पहिल्या वर्षी ४१ टक्के, पाचव्या वर्षी ६९ टक्के होतं.

लेझरने हिप्पोकॅम्पस आतून जाळता येतो, कवटीला बारीक भोक पुरतं. फिटमुक्तीचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा थोडं कमी, आणि भारतात सोय अगदी मोजक्या ठिकाणी. गॅमा नाइफची (बाहेरून त्या जागेवर किरण सोडणं) लोबेक्टॉमीशी थेट तुलना २०१८ साली आली: फिटमुक्त ५२ विरुद्ध ७८ टक्के. शिवाय किरणांचा परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर फिट चालूच. ज्याला झोपेत मोठे झटके येतात त्याच्यासाठी ते वर्ष फुकटचं नसतं. झोपेतल्या मोठ्या झटक्यांनंतर अचानक मृत्यूची जोखीम असते. मिरगीच्या प्रौढ रुग्णांत सरासरी वर्षाला हजारी एक, पण मोठे झटके वर्षाला तीनहून जास्त असतील तर कित्येक पटींनी अधिक. तुमच्या भावाचे तेवढे होतात. रात्री खोलीत कोणी असावं, त्याने पालथं झोपू नये.

ईईजीकक्ष

व्हिडिओ ईईजीबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच वाया जातो.

भरती साधारण तीन ते पाच दिवस. नेहमीसारख्या निदान दोन-तीन फिट कॅमेऱ्यात आणि ईईजीत एकत्र सापडायला हव्यात. त्यासाठी भरती झाल्यावर गोळ्या पायरीपायरीने कमी करतात. घरून कमी करून येऊ नका, रस्त्यातच मोठा झटका येतो. क्लोबॅझॅमला सगळ्यात हळू हात लावतात. ते एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट लागतात, आणि त्या औषध सुटल्याच्या फिट असतात, नेहमीच्या जागेवरून निघतीलच असं नाही. अशी फिट पकडून उपयोग नाही, उलट दिशाभूल होते. हातात सलाइनची सुई आधीच लावलेली हवी.

आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, तेल अजिबात नको. डोक्याला तेल असलं की इलेक्ट्रोडचा (डोक्याला लावायच्या चकतीचा) रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो आणि सगळ्या रेघांत कचरा येतो. आम्ही रोध ५ किलोओहमच्या खाली ठेवतो. एवढे दिवस टिकायला इलेक्ट्रोड कोलोडियन या डिंकासारख्या द्रवाने चिकटवून वर पट्टी बांधतात. एप्रिल-मे मध्ये नागपुरात घामाने पट्टीखाली पेस्ट पातळ होते आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोरलचे इलेक्ट्रोड सुटतात. नेमके तेच कामाचे असतात. एसीची खोली मागा, आणि रोज सकाळी तंत्रज्ञाकडून रोध तपासून घ्या. कपडे पुढून बटणांचे, डोक्यावरून काढायचे नकोत.

फिट आली की सोबतच्या माणसाने काय करायचं, ते कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवा:

फिटची खूण करायचं बटण दाबा, लगेच. नाही दाबलं तर ती फिट शोधायला २४ तासांचं रेकॉर्डिंग चाळावं लागतं.
पांघरूण बाजूला करा, दिवा लावा. हात दिसले नाहीत तर डावा-उजवा ठरत नाही.
कॅमेरा आणि रुग्ण यांच्या मधे उभं राहू नका. सगळे नातेवाईक हेच करतात, धावत जाऊन वाकतात आणि पाठीचा व्हिडिओ मिळतो.
त्याचं नाव विचारा, 'हात वर कर' म्हणा, एक शब्द द्या, उदाहरणार्थ 'संत्रं'. फिट संपल्यावर तो शब्द विचारा आणि समोरचं पेन दाखवून 'हे काय' विचारा. फिटनंतर किती सेकंदांनी नीट बोलला, यावरून फिट भाषेच्या बाजूची की दुसऱ्या, याचा अंदाज येतो.
हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका.

पुढे इक्टल स्पेक्ट (फिट चालू असताना मेंदूतला रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन) करायचं ठरलं तर औषध फिट सुरू झाल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आसपास शिरेत जावं लागतं. उशिरा गेलं तर फिट पसरलेली जागा रंगते, सुरुवातीची नाही. भावाची फिट दीड मिनिटाचीच आहे, म्हणून बटणाचं एवढं सांगतो.

रेडिओ_विदर्भ

एमआरआयच्या सीडीत डायकॉम (स्कॅनच्या मूळ) फाइली आहेत का, घरी उघडून बघा. नुसती फिल्म किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो कोणी वाचत नाही. मिरगीचा प्रोटोकॉल म्हणजे सबंध डोक्याचे त्रिमितीय टी-वन आणि फ्लेअर, १ मिलिमीटर जाडीचे, शिवाय हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले कोरोनल (समोरून उभे) टी-टू. टी-वन, टी-टू, फ्लेअर हे एमआरआयचे प्रकार. साध्या स्कॅनमध्ये ५ मिलिमीटरचे काप असतात आणि तेही हिप्पोकॅम्पसला तिरपे. जुना 'नॉर्मल' बहुधा म्हणूनच. तुमच्या नव्या स्कॅनमध्ये हे तिन्ही असतील तर दुसऱ्या शहरात पुन्हा एमआरआय काढायला लागणार नाही. पेट स्कॅन (मेंदू साखर कुठे कमी वापरतो ते दाखवणारा) नागपुरात होतो, पण आधीच काढून ठेवू नका. व्हिडिओ ईईजी आणि एमआरआय एकाच जागी बोट दाखवत असतील तर बरेचदा लागतच नाही. काढलाच तर स्कॅनच्या आधी किती तासांत फिट आली होती ते लिहून द्या, चित्र बदलतं.

वर्धारोड

दादा, तिन्ही सीरिज आहेत, आत्ताच पाहिल्या. आता भीती आठवणीची आणि नजरेची. तो लेखापरीक्षणाच्या कामात आहे, आकडे आणि नावं रोज लागतात.

मनोमापन

म्हणूनच ऑपरेशनआधी न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी होते, तीन-चार तास चालते. शब्दांची यादी ऐकून लगेच आणि अर्ध्या तासाने आठवणं, गोष्ट सांगणं, आकृती पाहून आठवणीतून काढणं, चित्रं पाहून नावं सांगणं. एक आग्रह धरा: शब्दांची चाचणी मराठीतून व्हायला हवी. दुसऱ्या राज्यात हिंदी किंवा इंग्रजीतून घेतली की गुण कमी पडतात आणि अहवालात 'डाव्या बाजूची स्मृतीही कमकुवत' असं येतं. मग उजव्या बाजूच्या ऑपरेशनवर उगाच प्रश्नचिन्ह लागतं. भरतीच्या आधी फोन करून विचारा. चाचणीच्या आधीच्या २४ तासांत फिट आली असेल तर चाचणी पुढे ढकलायला सांगा.

अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब असा: डाव्या टेम्पोरलच्या ऑपरेशननंतर शब्दस्मृती घटणारे सुमारे ४४ टक्के, उजव्यानंतर सुमारे २०. वस्तूंची नावं पटकन न सुचणं ही मुख्यतः डाव्या बाजूची अडचण. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांची भाषा बहुतेक वेळा डाव्या बाजूला असते, म्हणजे तुमचा भाऊ तुलनेने सुरक्षित बाजूला आहे. शंका राहिलीच तर फंक्शनल एमआरआय (बोलताना मेंदूचा कोणता भाग चालतो ते पाहणं) करतात, क्वचित वाडा टेस्ट (मेंदूची एकेक बाजू औषधाने थोडा वेळ झोपवून पाहणं). आणि जो हिप्पोकॅम्पस आधीच आकसलाय तो फारसं काम करत नसतो, त्यामुळे तो काढल्याने गमावण्यासारखं कमी असतं. चांगला दिसणारा हिप्पोकॅम्पस काढणं जास्त महागात पडतं.

नैराश्य आणि चिडचिड मात्र पहिल्या काही महिन्यांत अनेकांना होते, फिट थांबलेल्यांनाही. लेव्हेटिरासिटॅममुळे चिडचिड आधीच असेल तर ती आत्ताच लिहून ठेवा, नंतर कारण शोधताना गोंधळ होत नाही.

टेम्पोरल

नजरेचं: टेम्पोरल लोबमधून दृष्टीचे काही तंतू वळसा घेऊन जातात, ते कापले जातात. उजव्या ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला तुकडा कमी दिसतो. निम्म्याहून जास्त लोकांत तपासणीत सापडतं, बहुतेकांच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. ऑपरेशनआधी आणि तीन महिन्यांनी पेरिमेट्री (नजरेच्या कक्षेची तपासणी) करून घ्या. लकवा, मोठा रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके अनुभवी केंद्रात थोडे असतात, जिवाचा धोका एक टक्क्याच्या बराच खाली.

सगळ्या तपासण्या एकच जागा सांगत असतील तर थेट ऑपरेशन. एमआरआय उजवं म्हणतो आणि ईईजी डावं, किंवा फिट दोन्हीकडून निघतात असं दिसलं, तर एसईईजी: कवटीला बारीक भोकं पाडून १०-१५ तारा आत सोडतात आणि पुन्हा आठवडाभर फिटची वाट पाहतात. तुमच्या वर्णनावरून गरज पडेल असं वाटत नाही, पण व्हिडिओ ईईजीच्या आधी कोणी शब्द देत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता अपेक्षेचं, हे घरच्यांनाही वाचून दाखवा. लंडनच्या ६१५ प्रौढांच्या अभ्यासात पाच वर्षं सलग भान हरपणाऱ्या फिटविना राहिले ५२ टक्के, दहा वर्षं ४७ टक्के. स्क्लेरोसिस स्पष्ट असेल तर आकडे याहून बरे असतात. ज्यांना फिट परत आल्या त्यांच्यातल्याही अनेकांच्या कमी आणि सौम्य होतात.

मेडिकल_चौक

केंद्र निवडताना पाच प्रश्न विचारा जी. वर्षाला मिरगीची ऑपरेशनं किती? व्हिडिओ ईईजीवर रात्री तंत्रज्ञ जागा असतो का? न्यूरोलॉजिस्ट, सर्जन, रेडिओलॉजिस्ट, मानसतज्ज्ञ एकत्र बसून केस ठरवतात का? मराठी चाचणी आहे का? स्क्लेरोसिसच्या तुमच्या रुग्णांत दोन वर्षांनी फिटमुक्त किती? नागपुरातलं केंद्र नीट उत्तरं देत असेल तर बाहेर जायची गरज नाही. नाहीतर मुंबईचं केईएम, बेंगळुरूचं निमहान्स, दिल्लीचं एम्स, त्रिवेंद्रमचं श्री चित्रा. श्री चित्रामध्ये हा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. सरकारी ठिकाणी व्हिडिओ ईईजीची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून आधी नाव नोंदवा, चर्चा नंतर करा. त्रिवेंद्रमला केरळ एक्सप्रेस नागपूरहून थेट आहे. भावाला खालचा बर्थ घ्या आणि दाराशी उभं राहू देऊ नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) पॅकेजच्या नावासकट विचारा. मंजुरी आधी लागते, ती केव्हा घ्यायची तेही त्यांनाच विचारा.

प्रवासाच्या पिशवीत: पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या त्याच कंपनीच्या, मूळ पाकिटात. मिडाझोलॅमचा नाकातला फवारा, आणि किती फवारे मारायचे ते डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं. एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम हे कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे 'दोन मारा' असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. फिट पाच मिनिटांवर गेली की वापरायचा.

वर्धारोड

नाव आजच दोन ठिकाणी नोंदवते. शेवटचं: ऑपरेशननंतर गोळ्या कधी बंद होतात? त्याला गाडीचा परवानाही काढायचाय.

टेम्पोरल

लगेच नाही. ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत गोळ्या घ्यायच्या, उपाशी आहे म्हणून त्या दिवशी चुकवल्या की त्याच रात्री मोठा झटका येतो. एक दिवस आयसीयू, एकूण साधारण आठवडा रुग्णालयात, टाके सात ते दहा दिवसांनी. चावताना जबडा दुखणं महिनाभर राहतं, कारण कानशिलाचा स्नायू कापून परत शिवलेला असतो. रोज तोंड उघडायचा व्यायाम केला नाही तर ते आखडतं. कामावर साधारण दोन-तीन महिन्यांनी. पहिल्या आठवड्यात एखादी फिट आली तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. जखमेच्या सुजेमुळेही येते.

फिट नसतील तर वर्षा-दोन वर्षांनी एकेक औषध कमी करतात, बहुधा आधी क्लोबॅझॅम. पुष्कळांना एक गोळी कायम राहते. परवान्याच्या अर्जात मिरगीचा प्रश्न थेट विचारलेला असतो, तिथे खरं लिहावं लागतं. त्यामुळे परवान्याचं गोळ्या कमी करून झाल्यावर न्यूरोलॉजिस्टना विचारूनच ठरवा. तोवर दुचाकी नको, आणि अंबाझरी तलावात पोहणंही नको. फिटची तारीख, वेळ, झोपेत की जागेपणी, ही वही ऑपरेशननंतरही चालू ठेवा. गोळी कधी कमी करायची ते आम्ही त्याच वहीवरून ठरवतो.